टीचेबल मशीन: नववीच्या वर्गात सहा तास घेतल्यावर

गेली सोळा वर्षं मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववी-दहावीला मराठी शिकवते. दर सहामाहीला 'मोबाईल: शाप की वरदान' किंवा त्याच वळणाचा एखादा निबंध येतो, आणि बावन्न उत्तरपत्रिकांत बावन्न अक्षरांतला एकच निबंध तपासावा लागतो. आधी फायदे, मग तोटे, शेवटी 'अति तेथे माती'. मुलं खोटं लिहीत नाहीत, पण त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नसतं. याच मुलांच्या घरात रेशनला अंगठा लावावा लागतो, शेडवर बेदाण्याचा रंग बघणारं यंत्र आलंय, आईची हजेरी मोबाईलवर फोटो काढून पडते. यातली एक ओळही निबंधात उतरत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून या वर्षी फेब्रुवारीत निबंध बाजूला ठेवला आणि सहा तास टीचेबल मशीन घेऊन वर्गात गेले. त्यातून काय मिळालं, काय अडलं, ते इथे लिहितेय. आठवी ते दहावीला कुठलाही विषय शिकवणाऱ्यांनी वाचावं. हे काम फक्त संगणकाच्या सरांचं आहे असं मला वाटत नाही.

टीचेबल मशीन हे गूगलचं मोफत संकेतस्थळ आहे. पहिलं रूप २०१७ मध्ये आलं, आता आपण वापरतो ते २०१९ च्या नोव्हेंबरातलं. खातं उघडावं लागत नाही, कोड लिहावा लागत नाही. चित्र, आवाज आणि शरीराची ठेवण या तिन्हींपैकी काहीही यंत्राला ओळखायला शिकवता येतं. चित्राचं उदाहरण घ्या. स्क्रीनवर दोन चौकटी असतात, त्यांना नावं द्यायची. 'होल्ड टू रेकॉर्ड' हे बटण दाबून धरलं की कॅमेरा भराभर फोटो घेत राहतो. दोन्ही चौकटी भरल्या की 'ट्रेन मॉडेल' दाबायचं. यंत्राच्या सगळ्या फोटोंवरून पन्नास फेऱ्या होतात, माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्याला दीड-दोन मिनिटं लागली. मग उजवीकडे कॅमेऱ्यासमोर काहीही धरा, खाली दोन पट्ट्या हलायला लागतात: हे इतके टक्के, ते इतके टक्के.

इतक्या थोड्या फोटोंवर इतक्या लवकर कसं शिकतं, हा प्रश्न पहिल्याच तासाला आला. यंत्र कोरी पाटी घेऊन सुरुवात करत नाही. लाखो छायाचित्रांवर आधीच शिकवलेलं आकडेमोडीचं एक जाळं आत बसलेलं असतं, त्याला कडा, रंग, पोत कळतात. आपण फक्त शेवटची पायरी शिकवतो. मी मुलांना म्हटलं, वाचता येणाऱ्या माणसाला आपण फक्त आपल्या गल्लीतल्या पाट्या दाखवतोय असं समजा. तेवढ्यावर त्यांचं भागलं.

आता बेदाण्याकडे येते, कारण आमच्याकडे खरा धडा तिथेच झाला.

कशावर शिकवायचं हे मी मुलांवर सोडलं होतं. पहिली सूचना आली विराट आणि रोहितचे फोटो. दुसरी सूचना मधल्या रांगेतल्या एका मुलीची: "मॅडम, बेदाणा घ्या की. माझी आई निवडायला जाती." फेब्रुवारी म्हणजे शेडवर द्राक्ष पसरायचे दिवस, पण घराघरात गेल्या सालचा बेदाणा होताच. दुसऱ्या दिवशी तीन डब्यांतून हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा आला. सौद्यात रंगावर दर ठरतो, हिरव्याला जास्त आणि काळ्याला सगळ्यात कमी, हे या मुलांना सांगावं लागत नाही. रंग चुकला तर कुणाचे किती पैसे जातात हे त्यांना गणिताच्या पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आम्ही हिरवा आणि पिवळा या दोन चौकटींनी सुरुवात केली. हिरवा एका स्टीलच्या ताटलीत ठेवला. ताटली एकच होती, म्हणून पिवळा वर्तमानपत्रावर पसरला. दोन्हीचे दोनशे-दोनशे फोटो घेतले. शिकवून झालं, ताटली धरली की 'हिरवा' शंभर टक्के, कागद धरला की 'पिवळा' नव्व्याण्णव. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

मग पुढच्या बाकावरच्या एका पोरानं बेदाणे झटकले आणि नुसता रिकामा पेपर कॅमेऱ्यासमोर धरला.

'पिवळा, ९९ टक्के.'

"मॅडम, हे पेपरलाच पिवळा म्हणायलंय की!"

वर्ग आधी हसला आणि मग एकदम गप्प झाला. ती शांतता मी विसरणार नाही. एकेक करून मुलं उठून यायला लागली. कुणी रिकामी ताटली धरली, 'हिरवा'. कुणी हिरवे बेदाणे पेपरवर टाकले, 'पिवळा'. चारशे फोटो दाखवले आणि यंत्र बेदाणा शिकलंच नव्हतं, ते ताटली आणि पेपर शिकलं होतं. दोन गठ्ठ्यांत सगळ्यात ठळक फरक तोच होता, यंत्राने तो उचलला. त्याची चूक नव्हती. आम्ही दाखवलं तेच त्यानं पाहिलं.

मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. गृहपाठ एवढाच दिला, 'यंत्र काय शिकलं आणि का', दहा ओळी. दुसऱ्या दिवशी आलेल्या बावन्न वह्यांत 'अति तेथे माती' एकदाही नव्हतं. एका मुलानं लिहिलं होतं, 'आम्ही त्याला बेदाणा दाखवत होतो असं आम्हाला वाटत होतं.' या एका वाक्यासाठी मी त्याला शेरा नाही, पत्र लिहिलं.

तिसऱ्या तासाला सगळे बेदाणे एकाच निळ्या कापडावर ठेवले. एक व्यवहाराची गोष्ट सांगते. हे यंत्र फोटो चौकोनी कापून २२४ बाय २२४ ठिपक्यांएवढा लहान करून घेतं. त्यामुळे लांबून बेदाणा नुसता डाग दिसतो. कॅमेरा वीतभर अंतरावर आणा आणि चार-पाचच दाणे ठेवा. हे कळेपर्यंत आमचा अर्धा तास गेला. शिवाय शिकवणं चालू असताना ती टॅब सोडून दुसरीकडे जायचं नाही, आणि काम झालं की फाइल उतरवून ठेवायची. आमच्या एका गटानं न साठवता टॅब बंद केली आणि तीनशे फोटो गेले. पुन्हा घेतले.

या वेळी यंत्र खरोखर रंगावर शिकलं. मग त्याच मुलीनं, जिची आई निवडायला जाते तिनं, खडूचा तुकडा समोर धरला. यंत्र म्हणालं 'पिवळा', ऐंशीच्या पुढे. मुलांना हे पेपरपेक्षाही जास्त खटकलं. "त्याला माहीत नाही असं म्हणता येत नाही का?" नाही येत. दोन चौकटी दिल्या तर शंभर टक्के त्या दोघींतच वाटायचे, एवढंच त्याला ठाऊक. खडू असो की कुत्र्याचं पिल्लू, काहीतरी एक निवडावंच लागतं. टीचेबल मशीनमधली ही उणीव म्हणा किंवा स्वभाव म्हणा, पण शिकवायला इतकी उघड गोष्ट मला दुसरीकडे सापडली नाही. मुलांनी तिथल्या तिथे तिसरी चौकट उघडली. काडी, देठ, खडू, अर्धवट रंगाचे दाणे, सगळं त्यात भरलं आणि तिला नाव दिलं 'आईला विचारा'.

ते नाव मी बदलू दिलं नाही.

चौथा तास मी मुद्दाम कागद-पेनावर ठेवला. वीस दाणे एकेक करून कॅमेऱ्यासमोर ठेवायचे, पट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा, आणि मग ठरवायचं की कितीच्या वर गेला तर 'हिरवा' म्हणून पोत्यात टाकायचा. साठ? नव्वद? साठाला रेघ मारली तर दोन पिवळसर दाणे हिरव्यात गेले. नव्वदला मारली तर सात चांगले हिरवे दाणे बाहेर राहिले. वर्गाचे तीन गट केले: बागायतदार, व्यापारी, निवडणाऱ्या बायका. बागायतदार गट साठावर अडून बसला, व्यापारी नव्वदवर. बायकांचा गट बराच वेळ काही बोलला नाही. मग एकीनं विचारलं, "नव्वदला लावलं तर बाहेर पडलेलं परत निवडायला आम्हालाच बसवणार ना? त्याची हजेरी वेगळी मिळणार का?"

मी सोळा वर्षांत एवढा चांगला प्रश्न वर्गात ऐकलेला नाही. इथून पुढचे तास त्या प्रश्नानंच चालवले. चूक तर होणारच, मग ती कुणाच्या पदरात पडते? आणि ती रेघ कुठं मारायची हे ठरवताना तो माणूस तिथं असतो का?

शेडवरच्या कलर सॉर्टरबद्दल, म्हणजे रंग बघून दाणे वेगळे करणाऱ्या यंत्राबद्दल, वर्गात दोन बाजू पडल्या. एकाच्या काकांचं शेड आहे. तो म्हणाला, यंत्रानं माल लवकर निघतो, पावसाच्या आत विकून होतो, ढग आले की जीव टांगणीला लागत नाही. अवकाळीत बेदाणा भिजलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं म्हणणं पटेल. दुसरीकडे एक मुलगी म्हणाली, पूर्वी बोलवायचे त्याच्या निम्म्याही बायका आता बोलवत नाहीत, आणि बोलवतात त्या यंत्रानं सोडलेल्या काड्या काढायला. मी निकाल दिला नाही. दोघांनाही एकमेकांच्या बाजूनं एक परिच्छेद लिहायला सांगितला. काकांचं शेड असलेल्या मुलानं 'मला आज बोलवणं आलं नाही' अशी सुरुवात करून लिहिलं, ते मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं.

पाचव्या तासाला विषय आपोआप रेशनवर गेला. आमच्याकडे 'अंगठा लागत नाही' हे वाक्य सगळ्यांच्या कानावरचं आहे. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात, म्हाताऱ्या माणसांच्या तर आणखीच. एका मुलाची आजी तीन वेळा बोट पुसून लावते, चौथ्यांदा दुसरं बोट लावते. मुलं लगेच म्हणाली, मॅडम, त्या यंत्राला पण पेपरच शिकवला असणार! इथे शिक्षकानं थांबवायला हवं, म्हणून मी थांबवलं. अंगठ्याचं यंत्र टीचेबल मशीनसारखं फोटो बघून रंग-रूप शिकत बसत नाही. बोटावरच्या रेषा कुठं संपतात, कुठं फुटतात त्या जागा ते आधारला नोंदवलेल्या ठशाशी जुळवतं. पण किती जुळलं म्हणजे 'तोच माणूस' म्हणायचं, ती रेघ तिथंही कुणीतरी मारलेली असते. सैल ठेवली तर दुसऱ्याच्या नावावर कुणी धान्य उचलेल. आवळली तर आजी पिशवी तशीच घेऊन घरी येईल. वीस बेदाण्यांचा तक्ता त्यांच्या वहीत होताच, त्यामुळे एका वाक्यात कळलं.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, हे मुलांना माहीत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट एका आदिवासी गावातून सुरू झाली याचं त्यांना अप्रूप वाटलं, आणि मग एकानं विचारलं, तिथल्या लोकांचे अंगठे आता लागतात का? मी त्याला ते शोधून काढायला सांगितलंय.

त्याच तासात जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांचं २०१८ चं काम सांगितलं. चेहरा बघून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या सेवा त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अशा यंत्रांची परीक्षा ज्या फोटोंवर घेतली जायची त्यांत बहुतेक चेहरे गोरेच होते, हेही त्यांनी दाखवून दिलं. मी आकडे फळ्यावर लिहिले आणि पुढं काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "ताटली आणि पेपर." मला समजावून सांगायला काही उरलंच नाही. हेच आधी व्याख्यानात सांगितलं असतं तर वहीत आकडे उतरले असते, बस.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगाही वर्गात आलाच. २०२२ मध्ये त्या गावानं ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आमच्या मुलांत कुणाचा मामा तिथला, कुणाची आत्या. एरवी हा भोंगा चांगला की वाईट यावर भांडण जुंपलं असतं. या वेळी एका मुलीनं वेगळंच काढलं: तिथं रेघ गावानं एकत्र बसून मारली आणि ती सगळ्यांना ऐकू येते. अंगठ्याच्या यंत्रातली रेघ कुणाला दिसते? नववीतली मुलगी. मी तारीख घालून ते लिहून ठेवलं.

आवाजाचा प्रयोग आमच्याकडे फारसा रंगला नाही. आधी वर्गातली शांतता वीस सेकंद ध्वनिमुद्रित करावी लागते आणि आमच्या वर्गात शांतता नाही. एवढं मात्र दिसलं की मुलग्यांच्या आवाजात 'हो-नाही' शिकवलं तर मुलींचं 'हो' त्याला नीट कळेना. शरीराच्या ठेवणीचा प्रयोग पोरांना आवडला, पण सगळा वेळ हात वर-खाली करण्यात गेला.

चेहऱ्यांवर प्रयोग करा असा आग्रह मुलं धरतील. मी केला नाही. तुम्ही स्वतः साठवत नाही तोवर फोटो तुमच्याच संगणकावर राहतात, बाहेर जात नाहीत, ही या संकेतस्थळाची जमेची बाजू. तरी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, हे मी मुलांनाच वाचून दाखवलं. मग विचारलं, तुमचा चेहरा तुम्ही आजवर किती ॲप्सना दिलाय? बोटं मोजायला लागले आणि थांबले. बेदाणा, हळकुंड, शेंगा, पानं यांवर सगळं शिकवून होतं, चेहऱ्याची गरजच पडत नाही.

अजून एक उणीव सांगायला हवी. यंत्र उत्तर देतं, कारण देत नाही. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'अंडर द हूड' म्हणून एक जागा आहे, तिथं कुठल्या चौकटीत किती चुकलं याचा तक्ता निघतो. तो जरूर उघडा. आपल्या फोटोंतले पंधरा टक्के यंत्र परीक्षेसाठी बाजूला ठेवतं आणि त्यांवर स्वतःला गुण देतं. आमच्या ताटली-पेपरवाल्या यंत्राला त्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते, कारण परीक्षेतही तीच ताटली आणि तोच पेपर. दहावीच्या वर्गाला यावर एक अख्खा तास घ्यावा असं माझं मत आहे. शिवाय मुलं विचारतील की गप्पा मारणारी, निबंध लिहून देणारी यंत्रं अशीच चालतात का. तिथं 'हो' म्हणून मोकळं होऊ नका. उदाहरणांवरून शिकणं हा धागा सारखा आहे, बाकी घडण फार वेगळी आहे.

लागतं काय? कॅमेरा असलेला एक लॅपटॉप, कॅमेरा नसेल तर मोबाईलवर फोटो काढून चढवताही येतात. पान उघडायला इंटरनेट लागतं, आम्ही माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर भागवलं. एका लॅपटॉपवर बावन्न मुलं हे कठीण आहे, म्हणून आठ-आठचे गट करून बाकीच्यांना वहीतलं काम द्या. सलग दोन तास मिळाले तर उत्तम. आमच्या मुख्याध्यापकांनी शनिवारचे शेवटचे दोन तास दिले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. शिकवणाऱ्यानं घरी एकदा तरी स्वतः करून बघा, पण ताटली आणि पेपरची चूक मुलांना करू द्या. आधी सांगून टाकलीत तर सगळा तास वाया.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या 'माहीत नाही' म्हणता न येण्याबद्दल कापला, तरी सगळ्यात जास्त शिकवलं त्यानंच.

सहाव्या तासाला त्या मुलीच्या आईंना बोलावलं होतं. त्या हजेरी बुडवून आल्या, पदर खोचून खाली बसल्या आणि मुलांनी मुद्दाम मिसळलेली ताटली पुढं ओढली. बोटं चालायला लागली तेव्हा त्या ताटलीकडे बघतही नव्हत्या, मुलांशी बोलत होत्या. मधेच एक दाणा दोन बोटांत दाबून पाहिला आणि वेगळा ठेवला. "ह्यो दिसायला हिरवा हाय, पण आतनं वलाय. चार दिसांत बुरशी धरंल." मुलांनी तोच दाणा उचलून निळ्या कापडावर ठेवला आणि कॅमेरा जवळ आणला. पट्टी हिरव्यावर पूर्ण भरली. मग कुणी न सांगता एका पोरानं तिसऱ्या चौकटीचं बटण दाबून धरलं आणि त्या एका दाण्याचे, उलटसुलट फिरवून, चाळीस फोटो घेतले. आई बघत होत्या. "अरं, त्येला दाबून बघाय शिकवा आधी," त्या म्हणाल्या.